पंचाचा प्रमाद

‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. परंतु शाळेच्या सामन्यात उभा राहणारा पंच बहुधा एकटाच असतो, आणि जे पाच मुखांनी विचारविनिमय करून सांगावयाचे ते त्याला एकाच मुखाने, चेंडू ग्लोव्हमध्ये शिरतो न शिरतो तोच, सांगून टाकावे लागते. गौतमाच्या न्यायशास्त्रात सोळा पदार्थांपैकी तिसरा संशय आणि नववा निर्णय, व त्या दोहोंच्या मध्ये प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव आणि तर्क अशा पाच पायऱ्या आहेत. पंचाला या पाचही पायऱ्या निमिषात ओलांडाव्या लागतात. मीरा-भाईंदरच्या शाळांचे सॉफ्टबॉलचे आणि क्वचित बेसबॉलचे सामने पंच म्हणून पाहता पाहता जे विलक्षण प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडले, त्यांतून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला : चित्तात तिळमात्र द्वेष नसताना आपल्या हातून दुसऱ्याची जी हानी होते, ती कोणाच्या खाती मांडावयाची?

हेतूची दखल या खेळांच्या कायद्याने घेतलेली नाही असे नव्हे. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावपटू उभ्या आहेत, डावात अजून दोघी बाद झालेल्या नाहीत, आणि अशा वेळी एखादा सोपा झेल डायमंडच्या आतल्या आत उंच उडाला, तर चेंडू आभाळात असतानाच पंच फटका मारणारीला बाद ठरवतो. मग तो झेल सुटला तरी निकाल फिरत नाही. क्षेत्ररक्षकाने मुद्दाम झेल सोडून एकीऐवजी दोघींना बाद करण्याचा डाव साधू नये, म्हणून ही तरतूद. उलट, तिसरा स्ट्राईक कॅचरच्या हातून निसटला आणि पहिला बेस मोकळा असला, तर बाद होऊ घातलेल्या खेळाडूला धावण्याचा हक्क उरतो. एकदा एक मुलगी मान खाली घालून बाकाकडे निघाली होती. तोच मैत्रिणींनी ‘अगं पळ, पळ!’ असा एकच गलका केला, आणि कॅचर जाळीपाशी चेंडू शोधत असताना ती वाकड्या वाटेने धावत जाऊन बेसवर उभी राहिली. ‘मेलेली परत उठली कशी?’ अशी फिर्याद घेऊन विरुद्ध बाजूची कर्णधार माझ्याकडे आली. ती बाकावर पोचलीच नव्हती, एवढेच मी तिला समजावून सांगितले.

याहून चमत्कारिक प्रसंग परदेशातला आहे. २४ मार्च २००१ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात रँडी जॉन्सन या बेसबॉलच्या पिचरने टाकलेल्या वेगवान चेंडूच्या वाटेत एक होला उडत आला आणि पिसांचा लोट उठवून जागच्या जागी गतप्राण झाला. पंचांनी तो चेंडू टाकलाच गेला नाही असे ठरवले, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांचे काही चुकले नाही. ही हकीकत मी शेजारच्या एका श्रावक गृहस्थांना सांगितली. भाईंदर पश्चिमेच्या बावन जिनालयात त्यांचा नित्याचा राबता. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मास्तर, चेंडू वहीतून वजा झाला, पण जीव गेला, तो कुठल्या वहीत लिहायचा?”

मी निरुत्तर झालो. मग त्यांनीच द्रव्यहिंसा आणि भावहिंसा यांतला भेद सांगितला : जीव प्रत्यक्ष गेला ती द्रव्यहिंसा, आणि मारण्याचा भाव मनात उठला ती भावहिंसा, मग कोणी मरो वा न मरो. जॉन्सनच्या मनात भाव नव्हता, हे उघडच आहे. पण जैन आचार्य उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, केंद्रस्थानी ठेवले आहे; आणि तो शब्द ऐकला मात्र, मला होल्याचा विसर पडून माझा स्वतःचा एक निकाल आठवला.

जानेवारीतली दुपार होती, मिठागरांकडून खारा वारा सुटला होता, आणि रेल्वेमार्गालगतच्या एका मोकळ्या जागेत मी एकटाच पंच होतो. पहिल्या बेसवरचा निकाल देताना पंच डोळ्याने धावणारीचा पाय पाहतो आणि कानाने ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा ‘धप्प’ असा आवाज टिपतो. दोन इंद्रियांची रुजवात घालून जे आधी घडले त्याप्रमाणे हात वर जातो किंवा आडवे पसरतात. त्याच क्षणी विरारकडे जाणारी लोकल भोंगा वाजवीत गेली आणि कानाची साक्ष बुडाली. शिरस्त्याप्रमाणे होम प्लेटमागून निघून चार पावले आत धावत जाऊन मी कोन साधावयास हवा होता; उन्हाने शिणलो होतो, दोनच पावले गेलो. मी हात वर केला. धावणारी सातवीतली मुलगी बेसवर दोन्ही पाय ठेवून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले, आणि आधी एक, मग दुसरा, असे पाय जपून खाली घेतले. डाव संपल्यावर तेथून जाताना मला दिसले, की बेसवरच्या क्षेत्ररक्षक मुलीच्या बुटाचा ठसा ओलसर मातीत बेसच्या चांगला वीतभर अलीकडे उमटला होता. तिचा पाय बेसला लागलाच नव्हता. लोकल माझ्या हातची नव्हती. राहिलेली दोन पावले मात्र माझी होती.

२ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये अर्मांडो गालारागा या पिचरने ओळीने सव्वीस जणांना बाद केले होते आणि सत्ताविसावाही झालाच होता. पण जिम जॉइस या अनुभवी पंचाने पहिल्या बेसवर त्याला सेफ ठरवले, आणि खेळाडूच्या आयुष्यात क्वचितच येणारा विक्रम हुकला. चित्रफीत पाहताच जॉइसने आपली चूक कबूल केली, त्या तरुणाची डोळ्यांत पाणी आणून क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी गालारागाने संघाची यादी स्वतः त्याच्या हाती नेऊन दिली. निकाल मात्र फिरला नाही. आपल्या वानखेडेवर १९८०च्या फेब्रुवारीत क्रिकेटच्या सामन्यात मात्र असा एक निकाल फिरला होता : हनुमंतराव या पंचांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला कर्णधार विश्वनाथांनी परत बोलावले, टेलर आणि बोथम यांनी मोठी भागी रचली, आणि भारत दहा गड्यांनी हरला. विश्वनाथांच्या औदार्याची कथा आपण मुलांना सांगतो, ते योग्यच आहे; पण हजारोंच्या देखत उच्चारलेला शब्द ज्याने मागे घेतला, त्या पंचाचे नाव आपण त्या कथेत घेत नाही, याची मला खंत वाटते. निकाल अखेरचा असणे ही खेळाची गरज आहे. तेवढ्याने तो खरा ठरत नाही, आणि पंचाचा हेतू शुद्ध होता म्हणून त्या मुलीचा हिरावलेला बेस तिला परत मिळत नाही.

त्या दिवशी सामना बरखास्त झाल्यावर मी त्या मुलीला गाठले. ती दप्तरात ग्लोव्ह कोंबत होती. “बाळ, तू सेफ होतीस. माझी चूक झाली,” मी म्हणालो.

तिने वर पाहिले. “मग सर, स्कोअरशीटवर?”

“तिथे आऊटच राहील. आता बदलता येणार नाही.”

ती थोडा वेळ पट्ट्याशी चाळा करीत राहिली. मग म्हणाली, “घरी बाबा विचारतील. काय सांगू?”

“सेफ होते, असे सांग,” मी म्हणालो. “आणि पंच दोन पावले कमी धावले, हेही सांग.”