सुतक

‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकन मालिकेत चालते मुडदे शेकड्याने मारले जातात. प्रेक्षक हूं का चूं करीत नाही. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये निगनने तारा गुंडाळलेल्या बॅटने ग्लेनला ठेचला आणि लोक खवळले. कित्येकांनी मालिकाच सोडली. आदल्याच वर्षी कचरापेटीखाली सरकवून त्याला वाचवला होता. म्हणजे मुदत वाढवून जप्ती आणली की हो!

तो भाग पाहून मीही जेवलो नाही. “सुतक किती दिवसांचं?” सौ.ने विचारलं.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक बाई आल्या. नवऱ्याचं खातं बंद करायचं होतं. मान वर न करता मी म्हणालो, “मृत्यूचा दाखला, दोन प्रती.”

ग्लेनच्या बायकोचं नाव मॅगी. अजून पाठ आहे. या बाईंचं मी फॉर्मवर वाचलं, सही जुळवली आणि विसरलो.