परक्या देशातील माहेर

(शास्त्रवाचन : रूथ १:६-२२, २:८-१४, ४:१३-१७)



गेल्या पावसाळ्यात रिसोडकडील एका खेड्यातील आपल्या मंडळीचा एक वृद्ध सभासद रात्रीच्या वेळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. पावसाविषयी व सोयाबीनविषयी दोन शब्द झाले आणि मग तो बराच वेळ गप्प राहिला. शेवटी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवीत तो म्हणाला, "पाळकसाहेब, पोरगं बायकोच्या देशात राह्यले चाललं. मंग माह्या मातीले कोण येईन?"

त्याचा एकुलता एक मुलगा परिचर्येचे शिक्षण घेऊन आखाती देशातील एका दवाखान्यात नोकरीस लागला होता. तेथेच त्याच्याबरोबर काम करणाऱ्या, फिलिपाईन्स देशातील एका सुशील मुलीशी त्याचे लग्न झाले. तिची आई अंथरुणाला खिळलेली, व तिला पाहणारे दुसरे कोणी नाही. म्हणून नवराबायकोने विचार करून तिकडेच घर करण्याचे ठरविले. गावात हसणारे हसले. मुलगी परदेशी नांदावयास गेली असती तर वेशीपर्यंत वाजंत्री लागली असती. मुलगा गेला तर तो घरजावई! म्हाताऱ्याला हे हसणे लागले होतेच. परंतु त्याचा खरा प्रश्न मातीचा होता.

त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. आम्ही दोघांनी मिळून प्रार्थना केली, चहा घेतला, आणि तो अंधारातून आपल्या घरी गेला. त्यानंतर पुष्कळ दिवस मी रूथचे पुस्तक पुढे घेऊन बसत असे. त्यात जे सापडले ते आज तुमच्यापुढे ठेवितो.

रूथने केलेली प्रतिज्ञा आपण लग्नसमारंभात वाचतो. परंतु नीट पाहा : ती प्रतिज्ञा तिने नवऱ्याला दिलेली नाही. तिचा नवरा परदेशी होता, आणि तो मवाबाच्या भूमीत पुरला गेला होता. प्रतिज्ञा दिली ती वृद्ध सासूला, रस्त्यावर, हाती काही नसताना. नवऱ्याच्या देशाचा, त्याच्या लोकांचा, त्याच्या देवाचा तिने स्वीकार केला. एवढेच नव्हे, तर आपली माती तेथेच होईल असेही ती बोलली. म्हणजे त्या वृद्धाचा प्रश्न पवित्र शास्त्राला नवा नाही. जो जोडीदाराच्या देशी जातो तो आपल्या मरणाची जागाही बदलतो, हे रूथला ठाऊक होते. म्हणून असे जाणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात असे मला दिसते.

पहिली गोष्ट : जाणाऱ्याने विचारपूर्वक व आपल्या खुशीने जावे.

अब्राहामाचा सेवक इसहाकासाठी वधू शोधीत गेला तेव्हा रिबकेच्या घरी सर्व बोलणे झाले, दागिने दिले गेले. तरीही निघतेवेळी घरच्यांनी मुलीला बोलावून, तू जातेस काय, असे तिलाच विचारिले (उत्पत्ती २४:५७, ५८). मोठमोठ्या राज्यांच्या कायद्यांना हे सुचले नाही. अमेरिकेत १९०७ च्या कायद्यान्वये परदेशी पुरुषाशी लग्न करणारी स्त्री आपले नागरिकत्व गमावीत असे. १९१४ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणेही परकीयाची बायको परकीयच ठरे, आणि हा नियम इंग्रज सरकारने १९४८ च्या कायद्याने मोडला. स्त्री कोणत्या देशाची, हे तिला न विचारताच ठरत होते. परंतु रिबकेला विचारले गेले होते. नामीनेही दोन्ही सुनांना मोकळे केले. अर्पा रडत रडत सासूचा मुका घेऊन परत गेली, आणि शास्त्र तिला दोषाचा एक शब्दही लावीत नाही. तेव्हा जो जातो त्याला घालवू नका, आणि जो जाऊ शकत नाही त्याला नावे ठेवू नका.

विचारपूर्वक जाणे म्हणजे हिशेब करून जाणेही होय. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा असे प्रभूने शिकविले (लूक १४:२८). म्हणून ज्यांच्या घरी असा प्रसंग आहे त्यांनी एवढे जाणून असावे : लग्नाची कायदेशीर नोंद झाल्यावाचून पाऊल उचलू नये; आपल्या देशात १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, आणि परदेशात भारतीय वकिलातीपुढे लग्न लावण्यासाठी १९६९ चा कायदा आहे. परदेशीयाशी लग्न केल्याने आपले भारतीय नागरिकत्व जात नाही. परंतु आपण होऊन दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की ते जाते, कारण आपला कायदा दोन देशांचे नागरिकत्व मानीत नाही. असे नागरिकत्व घेतलेल्याला इकडे शेतजमीन विकत घेता येत नाही. बापाची जमीन वारसाने मात्र मिळू शकते. उलट, जी परदेशी सून अथवा जो परदेशी जावई आपल्याकडे राहावयास येईल, त्यास येथे सात वर्षे वास्तव्य झाल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. जो मुलगा निघाला आहे त्याने सही करण्यापूर्वी हे बापाजवळ बसून बोलावे. पुष्कळ घरांत दुःख जाण्याने येत नाही, न सांगता जाण्याने येते.

दुसरी गोष्ट : जो येतो त्याला माहेर मिळाले पाहिजे.

सासर प्रत्येकीला मिळते. परंतु परक्या देशी गेलेल्याला हवे असते ते माहेर. म्हणजे असे घर, की जेथे भाषा चुकली तरी कोणी हसत नाही आणि जेथे रडावयास दार लावावे लागत नाही. बेथलेहेमात रूथ सरवा वेचावयास गेली तेव्हा बवाजाने तिला मुली म्हणून हाक मारली, गड्यांना तिच्या अंगास हात न लावण्याची ताकीद दिली, तहान लागली तर भरून ठेवलेल्या पाण्यातून पिण्यास सांगितले, आणि जेवणाच्या वेळी जवळ बसवून तिला भाजलेले धान्य दिले, जसा आपण पाहुण्याला हुरडा देतो तसे. आणि तिला मूल झाले तेव्हा त्याचे नाव कोणी ठेविले? शेजारणींनी (रूथ ४:१७). ज्या बाईला त्या गावात आई नव्हती, तिच्या बाळाचे बारसे गावाने केले.

हे मर्म आपल्या मराठी लोकांसही ठाऊक होते. १९२८ साली इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर यांनी नॅन्सी अ‍ॅन मिलर नावाच्या अमेरिकन तरुणीशी लग्न केले. तिने त्या वेळी धर्मांतर केले, त्याविषयी मला येथे बोलावयाचे नाही. परंतु लग्नाआधी लांभाते नावाच्या धनगर घराण्याने तिला आपली मुलगी म्हणून दत्तक घेतले, ही गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या मुलीला राजवाडा मिळणार होता. तरी आधी तिला आईबाप दिले गेले. ज्यांनी ही रीत काढली त्यांना परदेशी सुनेची खरी गरज समजली होती.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. वर्ध्याकडील डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात तरुणपणीच देश सोडून गेले. अमेरिकेत ते गदर चळवळीत होते. पुढे मेक्सिको देशात शेतकी शाळेत अध्यापक होऊन त्यांनी मक्याच्या वाणांवर मोठे काम केले. तेथे १९३६ साली जीन सिंडिक या बेल्जियन बाईंशी त्यांचा विवाह झाला. देश स्वतंत्र झाल्यावर हे कुटुंब नागपुरास राहावयास आले, आणि तेथेच १९६७ साली डॉक्टर वारले. या बाईंचा प्रवास मनात आणा : जन्म एका देशी, संसार दुसऱ्या देशी, आणि उतारवयात नवऱ्याचा तिसरा देश! तोही असा, की जो नवऱ्याने स्वतः विशीत सोडला आणि साठी उलटल्यावर पाहिला. नामीचेही असेच झाले. दहा वर्षांनी ती परतली तेव्हा गावातील बाया एकमेकींस विचारू लागल्या की, ही ती नामीच काय? जो आपल्या जोडीदाराला स्वदेशी घेऊन येतो तो पुष्कळदा स्वतःच अर्धा परका झालेला असतो. तो एकटा तिचे माहेर होऊ शकत नाही. ते काम शेजाऱ्यांचे आहे, आणि जेथे मंडळी आहे तेथे ते मंडळीचे आहे.

वाशीमच्या मंडळ्यांस हे मी वेगळे काय सांगावे? १९३८ पासून चालत आलेल्या रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलाच्या निमित्ताने समुद्रापलीकडची माणसे आपल्या या लहान गावी आली, आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना आपले मानले. डॉक्टरबाई परदेशी असली तर आपण तिच्यासाठी खुर्ची मांडतो. मग परदेशी सून आली तर तिच्यासाठी चुलीजवळ पाट का मांडू नये?

जे पुरुष बायकोच्या देशी जातात त्यांच्यासाठीही शास्त्रात जागा आहे. मोशे मिद्यानात सासऱ्याच्या घरी राहिला व त्याची मेंढरे राखीत असे. त्याने आपल्या मुलाचे नाव गेर्षोम ठेविले, ते परदेशात आपण उपरे आहोत याची आठवण म्हणून (निर्गम २:२२). त्याचे मन दुखत होते हे त्या नावात स्पष्ट दिसते. तरी त्याच सासरवाडीच्या रानात देवाने त्याला जळत्या झुडपातून हाक मारिली, आणि त्याच सासऱ्याने पुढे त्याला लोकांचा न्याय कसा करावा याचा शहाणा सल्ला दिला (निर्गम १८). घरजावई म्हणून हसणाऱ्यांनी मोशेलाही हसून पाहावे!

तिसरी गोष्ट : मागे राहिलेल्यांचा भार मंडळीने वाहावा.

येथे मी पुन्हा त्या वृद्धाच्या प्रश्नाकडे येतो. रूथ सासूबरोबर निघाली, हे आपण आनंदाने सांगतो. परंतु मवाबात तिचेही आईबाप होते (रूथ २:११). त्यांना सोडून ती आली असे बवाज म्हणतो, आणि त्यांच्याविषयी शास्त्र पुढे काही सांगत नाही. त्यांच्या मातीला कोण गेले? मला ठाऊक नाही. एका घराला सात मुलांहून अधिक मोलाची सून मिळाली, तेव्हा दुसऱ्या घरचा उंबरठा रिकामा झाला. हे लपवून उपदेश करणे खोटेपणाचे होईल. म्हणून, सर्व काही ठीक होईल, असे मी त्या बापाला सांगितले नाही.

नाताळात मुलगा बायकोला घेऊन पंधरा दिवस गावी आला. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. सासूने तिला चुलीपुढे बसवून भाकरी थापावयास शिकविली. पहिली भाकरी काठवटीतच मोडली, दुसरी चौकोनी झाली, आणि त्या घरात कित्येक महिन्यांनी हसू ऐकू आले. मंडळीच्या बायांनी तिला साडीचोळी केली. रविवारी उपासनेनंतर तो म्हातारा उभा राहिला आणि मला ओट्यावर विचारलेला प्रश्न त्याने सर्वांपुढे विचारला. क्षणभर कोणी बोलेना. मग एक वडील उठून म्हणाले, "आम्ही येऊ." त्यांच्यामागून दुसरे उठले, मग तिसरे.

ते ऐकून मला आनंद झाला. तरीही मी मंडळीला जे म्हणालो तेच येथे लिहितो. मातीला जाणे सोपे आहे. ते एका दिवसाचे काम असते, आणि गाव पाहत असतो. जिवंतपणी जाणे कठीण. म्हाताऱ्याच्या अंगात ताप असेल तेव्हा वाशीमच्या दवाखान्यात त्याच्याबरोबर कोण जाईल? तूर काढणीला आली की त्याच्या शेतात कोण उभे राहील? मुलाचा फोन आला नाही त्या दिवशी त्याच्या ओट्यावर येऊन कोण बसेल? शेजारणींनी नामीच्या मांडीवरील बाळाचे नाव ठेविले, कारण त्या तिच्या घरी रोज जात येत होत्या. ज्यांनी शब्द दिला आहे त्यांनी पुढील आठवड्यातच जावे.

आणि जो मुलगा निघाला आहे त्यालाही एक शब्द. तू पत्नीच्या आजारी आईची सेवा करावयास जात आहेस. हे रूथचेच काम आहे, आणि ते करणारा पुरुष असला म्हणून त्याचा मान कमी होत नाही. परंतु तिच्या आईजवळ बसशील तेव्हा आपल्या आईबापाला विसरू नकोस. रूथ बेथलेहेमकरीण झाली तरी शास्त्र तिला शेवटच्या अध्यायातही मवाबी म्हणते (रूथ ४:१०), आणि तारणाऱ्याच्या वंशावळीत तिचे नाव आहे (मत्तय १:५). नव्या देशाचा होण्यासाठी जुन्या देशाचे नाव पुसावे लागत नाही. तुझी मुले तिकडची भाषा बोलतील. त्यांना आजोबांशी बोलण्यापुरती तरी मराठी शिकव.

ज्याला डोके टेकावयास जागा नव्हती तो आमचा प्रभू जाणाऱ्याबरोबर जावो, आणि मागे राहिलेल्या प्रत्येक ओट्यावर आम्हांपैकी कोणाला तरी पाठवो. आमेन.