दोन समोच्चरेषांमधील गाव

नकाशा ही एक संहिता आहे, हे विधान समीक्षेला नवे नाही. परंतु संहितेने जे नोंदले नाही त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते, हा नैतिक प्रश्न त्या विधानाने सुटत नाही. नेवासा परिसराचा, जायकवाडी धरणापूर्वीचा, ‘एका इंचास एक मैल’ प्रमाणाचा भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा या दृष्टीने वाचण्याजोगा आहे.

अशा नकाशांच्या चिन्हव्यवस्थेत वस्ती तांबडी, शेती पिवळी, पाणी निळे आणि समोच्चरेषा तपकिरी असतात. लोहमार्गाला ठळक काळी रेघ मिळते. १८७८ साली खुला झालेला दौंड-मनमाड मार्ग मात्र नेवाशाला न शिवता पश्चिमेकडून जातो. ज्ञानेश्वरी जेथे सिद्ध झाली, त्या प्रवराकाठच्या स्थानाला मंदिराचे चिन्ह मिळाले तरी ते इतर कोणत्याही मंदिराच्या चिन्हाहून वेगळे नसते. यात दुष्ट हेतू नाही. अर्थाचे तारतम्य चिन्हाच्या आवाक्याबाहेरचे असते.

१९६५ मध्ये जायकवाडीची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले. नाथसागराच्या फुगवट्याखाली नेवासा, शेवगाव, पैठण, गंगापूर या तालुक्यांतील गावे व शेते गेली. जलाशयाची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट ठरली. अशा नकाशांवर समोच्चरेषा सहसा ५० फुटांच्या अंतराने येतात. म्हणजे १५०० ची रेघ आहे आणि १५५० चीही आहे. कोणते घर राहील आणि कोणते बुडेल हे ठरवणारी रेघ मात्र या दोहोंच्या मधल्या कोऱ्या जागेतून जाते.

मग नकाशा दोषी ठरतो काय? धरणासाठी स्वतंत्र, सूक्ष्म मोजणी होते. म्हणून या कागदावर विस्थापनाचा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. न घडलेल्या भविष्याचा जाब मोजणीदाराला विचारता येत नाही. तथापि भूमीकडे केवळ उंची म्हणून पाहण्याची रीत दोन्ही मोजण्यांत एकच आहे, आणि त्या रीतीत ओटा, पार, स्मशान यांना उंचीपलीकडे काही मूल्य उरत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. गाव पाण्याखाली गेल्यावर त्याचा तांबडा ठिपका आणि विहिरीचे निळे वर्तुळ याच कागदावर शिल्लक राहते. राज्यकारभारासाठी काढलेली नोंद अशा रीतीने, रेखाटणाऱ्याला अभिप्रेत नसताना, विस्थापितांची साक्ष बनते. अचूकतेचे बंधन मोजणीदारावर आहे; त्या मोजणीच्या आधारे निर्णय घेणाऱ्यावर मात्र कोऱ्या जागेत कोण राहते हे विचारण्याचे बंधन आहे. पहिले पाळले गेले म्हणून दुसरे आपोआप पाळले जात नाही.