वेणी, कात्री आणि जट

सकाळी सातच्या सुमाराला कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्री गावात कुठल्याही गल्लीतून चाललं, तर एक दृश्य हमखास दिसतं. उंबऱ्यावर बसलेली आजी, तिच्या पायांमध्ये पाठमोरी बसवलेली सहा-सात वर्षांची नात, शेजारी खोबरेलाची बाटली, फणी आणि दोन लाल रिबिनी. गुंता सुटेना की नात कळवळते, आजी तिचं डोकं पुन्हा सरळ करते, शाळेची घंटा जवळ येत असते. मग कधीतरी ती मुलगी ठरवून सांगते, "मला दादासारखी केसं कापायचीत." आजीचा हात थांबतो. "पोरीच्या जातीला असलं शोभतं व्हय?" चुलीपुढची आई काहीच बोलत नाही. तिला भांगलणीला जायचंय, दोन वेण्यांची पंधरा मिनिटं वाचली तर तिला हवीच आहेत. वडील म्हणतात, "आजीला इचार." इथे विषय मिटतो. मिटतो म्हणजे, मुलीचं ऐकलं जात नाही.

एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला, असं कुणालाही वाटेल. पण दूधगंगा आणि वेदगंगेच्या मधल्या, तिथून गारगोटी, गडहिंग्लज, निपाणीपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात मुलीच्या केसांत काय सापडलं, यावरून तिचं सगळं आयुष्य ठरवलं गेलं आहे. म्हणून इथे केसांचा प्रश्न छोटा समजून सोडून देता येत नाही.

आधी एक विसंगती पाहावी. जी आजी सहाव्या वर्षी कात्रीला नको म्हणते, तिच्याच पुढाकाराने बहुधा पहिल्या वर्षी त्या मुलीच्या डोक्यावरून वस्तरा फिरलेला असतो. जावळ मुलांचं काढतात तसं अनेक घरांत मुलींचंही काढतात. मामाच्या मांडीवर बसवून, रडत्या मुलीला धरून सगळं डोकं तासलं जातं, आणि त्या दिवशी गोडधोड होतं. तेव्हा ‘मुलीसारखी दिसणार नाही’ ही काळजी कुणाला नसते. तासलं की केस दाट येतात, हा त्यामागचा समजही खरा नाही. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, वस्तरा तिथवर पोचतच नाही. कापलेलं टोक बोथट असल्यामुळे नवा केस बोटांना राठ लागतो, एवढंच. उलट बाजूलाही तेच. नवसाचं जावळ राखलेला मुलगा तीन-चार वर्षं वेणी घालून अंगणवाडीत जातो, आणि ज्योतिबाला किंवा शेजारच्या आदमापूरला नवस फिटेपर्यंत त्याला कुणी ‘मुलगी’ म्हणून हिणवत नाही. मोठ्यांनी ठरवलं की मुलगीही टकली चालते आणि मुलगाही वेणीत चालतो. अडचण केसांच्या लांबीची नसून ती कोण ठरवतं याची आहे.

आता जटेकडे येऊ.

केस लांब असले, ते आठवडेच्या आठवडे विंचरले नाहीत, त्यात तेल, घाम, धूळ साठली, उवा आणि लिखा झाल्या, खाजवून खपल्या धरल्या, की केस एकमेकांत अडकून नमद्यासारखे घट्ट होतात. वैद्यकात याला ‘प्लिका पोलोनिका’ म्हणतात. कानामागे किंवा मानेवर सुरुवातीला सुपारीएवढी गाठ असते. दुखते म्हणून मुलगी फणी लावू देत नाही, आणि फणी लावली नाही म्हणून गाठ वाढते. ही सगळी गोष्ट पाण्याची, साबणाची आणि वेळेची आहे. मात्र या भागात ती गाठ दिसली की कुणीतरी जोगतीण किंवा देवऋषी सांगायचा, ‘ही यल्लम्मानं धाडलेली जट आहे, पोरगी आईनं मागितली.’ त्या क्षणापासून तिला पाणी नाही, फणी नाही, कात्री तर पापच. वर भंडारा. जट वाढत जायची आणि मुलगी सौंदत्तीला यल्लम्मा देवीच्या डोंगरावर नेऊन देवाला सोडली, म्हणजे देवदासी केली जायची. पुढे परडी आणि जोगवा, आणि कित्येकींच्या वाट्याला शरीरविक्री.

असं कोणत्या मुलीच्या बाबतीत व्हायचं? जिच्या आईला रोज तिचं डोकं विंचरायला वेळ नव्हता, जिच्या घरी पाणी लांबून आणायचं होतं, जी स्वतःच धाकट्या भावंडाला काखेला मारून फिरत होती, तिच्या. देवदासींमध्ये दलित आणि गरीब घरांतल्या मुलींचीच संख्या मोठी होती, यात योगायोग नाही. जट आधी दारिद्र्याने बांधली, मग देवाच्या नावावर खपवली गेली.

बिद्रीपासून जवळच असलेल्या गारगोटीत प्राध्यापकी केलेले राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत हे जग मराठी वाचकासमोर आणलं. त्यांवरून राजीव पाटील यांनी २००९ मध्ये ‘जोगवा’ हा चित्रपट केला आणि त्याला सामाजिक विषयावरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातल्या सुलीचं आयुष्य उलटंपालटं होतं ते केसांत निघालेल्या जटेमुळे. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला ती गोष्ट परकी वाटली नाही, कारण प्रत्येकाच्या गावात एखादी सुली होती.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. त्या वैद्यकीय नावातच पोलंड आहे. तिथल्या खेड्यांत शतकानुशतकं लोक अशा जटा राखत. जट कापली तर आजार अंगात उलटेल, डोळे जातील, वेड लागेल, अशी भीती होती. एकोणिसाव्या शतकात क्राकोव्हचे डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी ती अस्वच्छतेतून होते हे ठासून सांगितलं आणि जटा कापण्याची मोहीम चालवली. पुढे ते त्या शहराचे नगराध्यक्ष झाले. ना यल्लम्मा, ना भंडारा, तरी भीती तीच आणि उपायही तोच, म्हणजे कात्री.

इथे कायदे आले, आणि लवकर आले. बिद्री ज्या कागल तालुक्यात आहे, त्या कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९२० मध्येच मुलं देवाला सोडण्याविरुद्ध कायदा केला. त्यानंतर १९३४ चा मुंबई प्रांताचा कायदा, १९८२ चा कर्नाटकाचा आणि २००५ चा महाराष्ट्राचा. मधल्या काळात, १९७५ साली, सामाजिक कार्यकर्ते बाबा आढाव यांच्या पुढाकाराने गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. एवढं सगळं होऊनही जट पूर्ण गेलेली नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्याच्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांच्या जटा आपल्या हातांनी सोडवल्या आहेत. त्या मूळच्या ब्युटीशियन. असं काम एका कात्री चालवणाऱ्या बाईने हाती घ्यावं, हे या विषयातलं फार बोलकं सत्य आहे. जट काढताना जास्त वेळ कापण्यात जात नाही, घरच्यांची भीती घालवण्यात जातो. वर्षानुवर्षं मानेवर वागवलेलं ते ओझं उतरलं की बाईला पहिल्यांदा मान वळवता येते.

यावरून सगळ्या मुलींचे केस कापून टाका, असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. जबरदस्तीची कात्रीही याच इतिहासात आहे. विधवेचं केशवपन तिच्या इच्छेने होत नव्हतं. १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं, ते याचसाठी. याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. बाईच्या अंगावरची खूण दुसऱ्याने ठरवू नये, हे एका गावाने ठरावात लिहून काढलं.

कुस्ती खेळणाऱ्या मुलींवरचा ‘दंगल’ चित्रपट २०१६ मध्ये आला तेव्हा मुलींचे केस कापण्याच्या प्रसंगाचं कौतुक झालं. तो प्रसंग पुन्हा पाहावा. मुली रडताहेत, बापाने ठरवलंय. लांब केस राखायला लावणारी आजी आणि ते कापायला लावणारा बाप, दोघांनीही मुलीला विचारलेलं नाही. बिद्रीजवळच्या मुरगुडातही मुली कुस्तीच्या मॅटवर घाम गाळतात. मुरगूडची नंदिनी साळोखे, वडणग्याची रेश्मा माने या पैलवानांची नावं इथल्या शाळकरी मुलींना ठाऊक आहेत. कुस्तीत केस ओढणं नियमबाह्य आहे, लांब केस घट्ट बांधूनही खेळता येतं, आणि सोपं पडतं म्हणून बॉयकट करणाऱ्याही पुष्कळ आहेत. तिथे केस कुस्तीच्या सोयीने ठरतात आणि गावाला त्यात वावगं वाटत नाही. कुस्तीसाठी चालतं ते नुसत्या आवडीसाठी का चालू नये?

आजीच्या बाजूचंही नीट ऐकलं पाहिजे. तिचा विरोध दुष्टपणाचा नसतो. तेल चोळण्याची ती पंधरा मिनिटं अनेक घरांत मुलीच्या वाट्याला येणारा दिवसातला एकमेव निवांत स्पर्श असतो. आजीला वाटतं, केस गेले तर तेही जाईल. पण आखूड केसांनाही तेल लागतं, डोकं आखूड केसांतूनही चोळता येतं, आणि गुंता नसला तर ती वेळ रडण्याविना जाते. दुसरी भीती लोकांची. "पोरगा हाय का पोरगी?" हा प्रश्न येतो हे खरं. तो वर्गातल्या पोरांपेक्षा कट्ट्यावरची मोठी माणसं जास्त विचारतात. त्याला उत्तर द्यायचं काम सहा वर्षांच्या मुलीवर टाकू नये. आईवडिलांनीच "पोरगीच हाय, तिला आवडलं म्हणून कापलं" असं एकदा मोठ्याने सांगितलं की प्रश्न दोन-चार दिवसांत विरतो.

राहिली शाळा. शाळेला स्वच्छ, नीट बसवलेले केस मागता येतात. दोन वेण्या दुमडून रिबीन बांधणं ही सवय आहे, ती शिक्षणाची अट होऊ शकत नाही. याच मातीत १९१७ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, तेव्हा सक्ती मुलांना शाळेत पाठवण्याची होती. रिबिनीवरून मुलीला वर्गाबाहेर उभं करणारी शाळा त्या सक्तीच्या उलट वागते.

मूल लहान आहे, त्याला काय कळतं, हा सगळ्यांत जुना मुद्दा. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं बारावं कलम सांगतं की स्वतःशी संबंधित गोष्टींत मुलाला मत मांडू द्यावं आणि त्याच्या वयाला, समजेला धरून त्या मताला वजन द्यावं. मग सुरुवात कुठून करायची? शाळा, औषध, लग्न यांत चूक झाली तर ती भरून येत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. दिवाळीत कापलेले केस गुढीपाडव्यापर्यंत बोटभर खाली उतरलेले असतात. तान्ह्या मुलीचे कान तिला न विचारता टोचले जातात आणि ते भोक कायमचं राहतं. मग पुन्हा वाढणाऱ्या केसांबाबत तिला विचारायला हरकत कसली? मूल चुकलं तरी ज्यात फारसं बिघडत नाही, तिथेच त्याला ठरवायची सवय लावता येते, आणि घरात अशी दुसरी गोष्ट शोधून सापडणार नाही.

अर्थात विचारणं म्हणजे लगेच सलून गाठणं नव्हे. मुलीने आज म्हटलं तर आठवडाभर थांबावं, रविवारी पुन्हा विचारावं. तरीही तेच म्हणाली तर आधी खांद्यापर्यंत कापून दाखवावेत, मग हवं तर बॉयकट. तिने नंतर आरशासमोर रडू काढलं, तर "मी सांगितलं होतं" हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नये, एवढी अट मोठ्यांनी पाळावी. आणि तिला लांबच केस हवे असतील, पण आईला वेळ नसेल, तर वडिलांनी वेणी घालायला शिकावं. मोळी बांधणाऱ्या, जनावराचं दावं वळणाऱ्या हातांना तीन पेडांची वेणी अवघड नाही.

हंगाम सुरू झाला की बिद्रीच्या कारखान्याला ऊस घालायला बाहेरगावच्या तोडणी टोळ्या येतात. पहाटे अंधारात आई कोयता घेऊन फडात जाते आणि खोपीपाशी सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळत बसते. तिचे केस उन्हाने तांबूस, धुळीने राठ झालेले असतात. तिला कुणी ‘शोभतं का’ असं विचारत नाही, कारण तिच्याकडे कुणी पाहतच नाही. जट धरण्याची सगळी तयारी तिच्याच डोक्यावर असते. अंगणवाडी सेविका, साखरशाळेतल्या बाई, आशा ताई, आणि ज्यांच्या दाराशी ही मुलं पाणी मागायला येतात त्या घरच्या बायका, यांना एकच विनंती आहे. तिच्या कानामागे गाठ दिसली तर देवऋषी पोचायच्या आत तुम्ही पोचा. कोमट पाणी, तेल आणि रुंद दातांचा कंगवा घ्या. गाठ सुटत नसेल तर तिला आणि तिच्या आईला विचारा, आणि दोघी हो म्हणाल्या की त्याच दिवशी कापा.