वाचवलेली नऊ मिनिटं

भरधाव मोटार हाकणाऱ्याला 'घाई कसली?' असं विचारू नये. त्याला घाई नसतेच. पुढे कोणी दिसलेलं खपत नाही, एवढंच. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. तिथं दोन्ही बाजूंना कुंपण, समोरून येणारं कोणी नाही. पण पायाला ती सवय लागली, की मोहाडी तालुक्यातल्या करडीच्या रस्त्यावरही तो तसाच पडतो. हा धानाचा मुलूख. इथं बैलबंडी, म्हशी, सायकलवरची शाळकरी पोरं, सगळ्यांचीच वहिवाट.

आता हिशेब मांडू. 60 किलोमीटर अंतर 80 ऐवजी 100 च्या वेगानं कापलं, तर 9 मिनिटं वाचतात. गृहस्थ त्यांचं करतात काय? 'कसा आलो ते कळलंच नाही' हे टपरीवर सांगण्यात अर्धा तास घालवतात! उलट वेग दुप्पट केला, की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. हे गणित म्हशीला ठाऊक नसतं. पण गाडीवाला तर शाळेत गेलेला असतो.

"माझी गाडी, माझा जीव," असं तो म्हणतो. कबूल. पण मिनिटं वाचतात त्याची आणि त्यांपायी गहाण पडतो तो सायकलवरच्या पोराचा जीव. पोराला कोणी विचारलेलंही नसतं. न विचारता दुसऱ्याची वस्तू गहाण टाकणाऱ्याला आपण एरवी काय म्हणतो, ते सांगायला नको. फरक इतकाच, की तो बिचारा पायी पळतो, म्हणून सापडतो.