निरंक

सरकारी परिपत्रकाच्या शेवटी पुष्कळदा एक ओळ असते: माहिती निरंक असल्यास तसे कळवावे. नवख्याला हसू येते. काहीच नाही, तर कळवायचे काय? पण ‘निरंक’ हे उत्तर आहे. न आलेला अहवाल हे उत्तर नव्हे.

बूटलोडर लिहिणाऱ्याने ही ओळ टेबलासमोर लावून ठेवावी. यू-बूटसारखा बूटलोडर डिव्हाइस ट्री वाचतो. बोर्डावर कोणते यंत्र कुठल्या पत्त्यावर आहे, याची ती नोंदवही. तिच्यातल्या काही प्रॉपर्टींना नाव असते, मूल्य नसते. ‘डीएमए-कोहेरंट’ नुसती हजर असली की झाले. हजेरी हाच तिचा होकार. ‘रेंजेस’ रिकामी असेल, तर बसच्या आतले आणि बाहेरचे पत्ते सारखेच. ती मुळात नसेल, तर आतल्या पत्त्यांना बाहेर वाटच नाही.

प्रॉपर्टी नसेल तर लिबएफडीटी, ही ट्री वाचणारी लायब्ररी, नल पॉइंटर देते. असेल पण रिकामी असेल, तर खरा पॉइंटर देते आणि लांबी 0 सांगते. फसगत होते ती इथे. पॉइंटर नल नाही एवढेच पाहून आपण 4 बाइट वाचतो आणि हाती लागते शेजारचे टोकन, म्हणजे पुढे काय येते ते सांगणारा आकडा. पुढे दुसरी प्रॉपर्टी असेल तर 3, आतला नोड सुरू होत असेल तर 1, नोड संपत असेल तर 2. आकडे इतके सोज्वळ की संशय येऊ नये. भलतीच मोठी संख्या आली असती, तर कुणी थबकले तरी असते; हा 3 मात्र घड्याळाचा क्रमांक बनून मुकाट्याने पुढे जातो.

स्ट्रिंगचेही तसेच. रिकाम्या स्ट्रिंगची लांबीसुद्धा शेवटच्या शून्य बाइटमुळे 1 भरते. लांबी 0 असताना शेवटचा बाइट तपासायला गेलो, तर हात एक घर मागे, मूल्याच्या बाहेर पडतो.

माणसांतही हे चालते. कुणी गप्प बसला की शेजारच्याचे बोलणे आपण त्याच्या नावावर खपवतो.

आज कोड उघडाल, तेव्हा नल तपासणाऱ्या प्रत्येक ओळीपाशी थांबा. लांबी तपासणारी ओळ तिथे नसेल, तर आधी ती लिहा.