शोध सोडलेल्यांचा हिशेब

बेकारीचा दर उतरला की आपल्याला हायसे वाटते. पण तो काढतात कसा? ज्याच्या हाताला काम नाही आणि जो ते शोधतो आहे किंवा करायला तयार आहे, तोच बेकार. खेटे घालून थकलेला, आता काही मिळत नाही म्हणून कामाची तयारीही सोडून घरी बसलेला माणूस बेकारांतही धरत नाहीत आणि श्रमशक्तीतही, म्हणजे काम करणारे आणि बेकार यांच्या एकूण संख्येतही, नाही. समजा, श्रमशक्तीतल्या शंभरांपैकी दहा जण काम शोधत आहेत. दर झाला दहा टक्के. त्यातल्या चौघांनी नाद सोडला, की उरले शहाण्णवांत सहा, म्हणजे सव्वासहा टक्के. एकालाही नोकरी न लागता दर खाली आला.

बेकारी काहींना असे बाहेर घालवते, तशी काहींना कामाला जुंपतेही. मुंबईच्या गिरणगावाने दोन्ही पाहिले. 18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप लांबला, पगार बंद झाले, हजारोंना पुन्हा कामावर घेतलेच नाही. पन्नाशीला आलेला साचेखात्यातला कामगार कोकणात नाहीतर घाटावर गावी परतला. उमेदीची वर्षे एकाच कामात गेलेली; दुसरीकडे त्याला कोण ठेवणार? इकडे चाळीत खोलीचे भाडे, मुलांच्या फिया थांबत नव्हत्या. मग घरातल्या बाईने धुणीभांडी धरली, पापड लाटायला घेतले, डबे सुरू केले. एकाच घरातून एक जण कामाबाहेर गेला आणि दुसरी कामात आली, कारण एकच.

म्हणूनच श्रमशक्तीतला सहभाग वाढला, एवढ्यावर आनंद मानता येत नाही. केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार 15 वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला. या वाढीत मोठा वाटा स्वयंरोजगाराचा आहे, आणि घरच्या शेतीत, दुकानात बिनपगारी राबणेही त्यातच मोजले जाते. कामात आलेल्या बाईला संधी मिळाली की गरजेने ढकलले, हे आकडा सांगत नाही.

काम शोधायलाही पैसा लागतो आणि नकार पचवायला बळ लागते. ते संपलेल्याला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. सरकारने बेकारीच्या दराशेजारी शोध सोडलेल्यांची संख्या आणि नव्याने कामाला लागलेल्यांची मजुरी जाहीर करावी. रोजगार धोरणाची परीक्षा तिथेच व्हायला हवी.